आधी हुश्श करा: ताण हलका करण्याच्या रोजच्या साध्या युक्त्या

वाचता वाचता एक करा. दाढा, जीभ, खांदे जिथे आहेत तिथेच राहू द्या आणि फक्त लक्ष द्या. दाढा एकमेकींवर आवळल्या आहेत का? जीभ टाळूला दाबून धरली आहे का? खांदे कानांकडे सरकलेत का? माझं निदान दोन प्रश्नांना तरी ‘हो’ येतं, आणि मी हे खुर्चीत निवांत बसून लिहितेय.

मला ताण आहे हे मला डोक्यामुळे नाही, जबड्यामुळे कळलं. सकाळी उठलं की कानशिलं ठणकायची. दाताच्या डॉक्टरांनी झिजलेल्या दाढा बघून विचारलं, “झोपेत दात खाता का?” मी ठामपणे नाही म्हटलं. मग त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली. तोंड मिटलेलं असतानाही वरच्या-खालच्या दातांत दोन-तीन मिलिमीटरची फट असायला हवी. ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची अवस्था. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी दाढा किती वेळा आवळलेल्या पकडल्या, ते मोजायचंच सोडून दिलं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. ताण उतरवायचा तर सुरुवात शरीरापासून करावी. “टेन्शन घेऊ नकोस” असं मनाला बजावून टेन्शन गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आत नेमकं काय होतं

संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1915 च्या सुमारास मांडलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांत अॅड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, श्वास वरवरचा होतो, स्नायू आखडतात, पोटाचं काम मंदावतं. त्यामागून कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं संप्रेरक वाढतं. ते जरा सावकाश चालतं. प्रसंग घडल्यानंतर साधारण वीस-तीस मिनिटांनी त्याची पातळी सर्वांत वर असते. भांडण मिटलं, समोरचा निघूनही गेला, तरी आपण बराच वेळ धुमसत का राहतो, याचं एक उत्तर इथे आहे. तेव्हा भांडणानंतरच्या अर्ध्या तासात कुणालाही मेसेज पाठवू नका. लिहिलाच तर ठेवून द्या.

पुढे 1936 मध्ये हान्स सेली या ताणाच्या अभ्यासकाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की थंडी, इजा, विष अशा अगदी वेगवेगळ्या त्रासांना शरीर बरंचसं एकाच साच्यात उत्तर देतं. आपल्या अंगालाही वाघ आणि साहेबांचा “जरा येऊन जा” यांतला फरक फारसा कळत नाही. वाघापासून पळून सुटका झाली की शरीर निवतं. “जरा येऊन जा” दिवसातून सहा वेळा येतं आणि पळायला जागा नसते.

म्हणून धोका टळला हा निरोप शरीराला आपणच, त्याला कळेल अशा भाषेत द्यायचा. श्वास, स्नायू आणि हालचाल ही ती भाषा.

पहिली पायरी: आपली खूण शोधा

प्रत्येकाचा ताण शरीरात ठरावीक जागी येऊन बसतो. कुणाची मान धरते, कुणाच्या पोटात गोळा येतो, कुणी पाय हलवत बसतं, कुणी उगाच घरच्यांवर खेकसतं. माझा जबडा. पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त आपली खूण पकडा. दिवसातून तीन ठरलेल्या वेळी, समजा सकाळी कामाला लागताना, दुपारी आणि झोपण्याआधी, अंगावरून एक नजर फिरवा आणि एका ओळीत लिहून ठेवा: ‘मान. साडेअकरा. फोननंतर.’ एवढंच.

या आठवड्यात बरेच जण कंटाळून सोडून देतात, कारण काही केल्यासारखं वाटत नाही. पण खूण माहीत नसेल तर उपाय ऐन वेळी आठवत नाहीत. ताण डोक्यावर चढून बसल्यावर ‘अरे, श्वास घ्यायचा राहिलाच’ असं होतं.

दुसरी पायरी: हुश्श

एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. यातली गंमत म्हणजे ती आपल्याला येतेच. जड सामान खाली ठेवलं की, उन्हातून सावलीत आलं की, हरवलेली किल्ली सापडली की आपण काय करतो? हुश्श. तेच मुद्दाम करायचं.

असं करा. नाकाने सावकाश श्वास आत घ्या. छाती भरली असं वाटलं की तिथेच, श्वास न सोडता, नाकाने आणखी एक छोटा श्वास वर चढवा. मग तोंडाने लांब, संथ, पूर्ण रिकामं होईपर्यंत सोडा. सोडताना खांदे आपोआप खाली येतात, येऊ द्या. आत घेण्यापेक्षा सोडायला जवळजवळ दुप्पट वेळ लागायला हवा. असे तीन-चार झाले तरी फरक जाणवतो.

तो दुसरा छोटा श्वास कशाला? फुप्फुसांत हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. वरवरचा श्वास घेत राहिलं की त्यांतल्या काही मिटतात. सुस्काऱ्याने त्या पुन्हा फुगतात, म्हणूनच आपण झोपेतही मधूनमधून नकळत सुस्कारे टाकत असतो. आणि लांब उच्छ्वास कशाला, ते स्वतःच पडताळून बघा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी शोधा. आता सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. आत घेताना ठोके किंचित घाईने पडतात, सोडताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. तरुणांमध्ये हे स्पष्ट जाणवतं, वय वाढेल तसं कमी होत जातं, म्हणून नाही जाणवलं तर काळजीचं कारण नाही. हे काम व्हेगस नावाची मज्जातंतू करते. मेंदूतून निघून ती मान, छाती आणि पोटापर्यंत जाते आणि हृदयाला लगाम घालते. हृदयाची गती हुकूम देऊन कमी करता येत नाही. श्वासाच्या आडून मात्र येते.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये हा प्रयोग लोकांकडून महिनाभर रोज पाच मिनिटं करून घेतला. तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांशी तुलना केली, तेव्हा मूडमधली सुधारणा सुस्कारे टाकणाऱ्यांत जास्त दिसली. चिंता मात्र सगळ्यांचीच कमी झाली होती. याचा अर्थ ध्यान वाईट असा कुणी घेऊ नये. ज्यांना डोळे मिटून बसलं की विचारांचा बाजार भरतो, त्यांच्यासाठी सुस्काऱ्याने सुरुवात करणं सोपं जातं, इतकाच मी त्याचा अर्थ घेते.

दोन चुका नवशिक्यांकडून हमखास होतात. एक, घाई. भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो. असं झालं तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. दुसरी चूक म्हणजे ‘शांत वाटतंय का?’ हे दर दहा सेकंदांनी तपासणं. दूध उतू जाईल म्हणून टक लावून बसण्यासारखं आहे ते.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जीव घाबरा होतो. विशेषतः ज्यांना पूर्वी घाबरण्याचे झटके आले आहेत त्यांना. त्यांनी ही पायरी खुशाल सोडावी आणि लक्ष तळपायांवर न्यावं. दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, जमीन गार आहे की कोमट, खडबडीत की गुळगुळीत, ते बघायचं. मग कानावर पडणारे तीन आवाज मोजायचे. पंखा, रस्त्यावरचा हॉर्न, शेजारच्या खोलीतली खुर्ची. काम तेच होतं.

तिसरी पायरी: आवळा, मग सोडा

‘अंग सैल सोड’ म्हटल्यावर सैल कसं सोडायचं हे कळत नाही, कारण आवळलं आहे हेच कळत नसतं. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी 1920 च्या दशकात यावर उपाय काढला: आधी मुद्दाम आवळायचं, मग सोडायचं, आणि दोन्हींतला फरक अनुभवायचा.

रात्री अंथरुणावर पडल्यावर पायांपासून सुरू करा. पायाची बोटं खाली दुमडून पाच सेकंद धरा. जोर अर्धाच लावा, नाहीतर पेटके येतात. मग एकदम सोडून द्या आणि पंधरा-वीस सेकंद काही न करता, तिथे उबदार, जडशीळ काय वाटतं ते बघा. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे आणि शेवटी चेहरा. खांदे कानांपर्यंत उचलून सोडलेत की बऱ्याच जणांच्या तोंडून आपसूक हुश्श निघतं. चेहऱ्यासाठी डोळे घट्ट मिटायचे, नाक मुरडायचं, लिंबू चोखल्यासारखं तोंड करायचं. खोलीत दिवा बंद असलेला बरा. मी बहुतेक वेळा पोटापर्यंत पोचते आणि झोपते.

दिवसा कामाच्या जागी एवढं करता येत नाही. तिथे टेबलाखाली मुठी आवळून सोडायच्या, दोनदा. कुणाला कळतही नाही. जिथे दुखापत झालेली आहे किंवा शस्त्रक्रिया झाली आहे, तो भाग वगळा.

चौथी पायरी: चाला

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, तुम्हाला ठाऊक आहेच. शरीर पळायला सज्ज झालेलं असताना त्याला खुर्चीत डांबून ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. तो आकडा बघून दडपण येत असेल तर विसरा आणि दहा मिनिटं चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेवा. फोन खिशातच असू दे. चालताना फोनवर वाद घालण्याला मी चालणं धरत नाही.

पाचवी पायरी: डोक्यातलं कागदावर

रात्री दिवा मालवला की डोक्यातल्या गोष्टी रांगेत येऊन उभ्या राहतात. बिल भरायचं राहिलं, नळ गळतोय, आईची तपासणी, परवाचं ते बोलणं. विसरू नये म्हणून मन त्या पुन्हा पुन्हा घोळवतं. मनाला हमाली करायला लावू नका, ओझं कागदावर उतरवा.

अमेरिकेतल्याच बेलर विद्यापीठात 2018 मध्ये यावर एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं काही जणांनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, तर काहींनी झालेल्या कामांची. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर.

नेमकी म्हणजे कशी, हे महत्त्वाचं आहे. माझ्या वहीत एकदा ‘नळ!!’ असं तीन रात्री लागोपाठ लिहिलेलं होतं, उद्गारचिन्हांसकट. ती यादी नव्हती, ती चिंताच होती, फक्त शाईतली. चौथ्या रात्री लिहिलं: ‘उद्या अकराला प्लंबरला फोन. तो नाही आला तर वॉशर स्वतः आणायचा.’ नळ त्या रात्रीही गळतच होता, पण मी झोपले. प्रत्येक चिंतेपुढे स्वतःला विचारा, यातलं हाताने करण्यासारखं पहिलं काम कोणतं आणि ते कधी? उत्तर असेल तर ते लिहा. काहीच करता येण्यासारखं नसेल तर पुढे फक्त ‘माझ्या हातात नाही’ असं लिहा. लिहायला सोपं आहे, पटायला वेळ लागतो. पण निदान त्या दोन ढिगांची सरमिसळ तरी होत नाही.

दिवसभर चिंता पाठ सोडत नसेल तर तिला वेळ द्या. खरंच द्या. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये ही रीत तपासली होती: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास फक्त चिंता करायची. इतर वेळी विचार आला की त्याला सांगायचं, ‘साडेपाचला ये.’ ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण विचार दाबून टाकण्यापेक्षा पुढे ढकलणं जास्त जमतं, आणि साडेपाच वाजेपर्यंत निम्म्या विचारांचा जोर ओसरलेला असतो. वेळ झोपेच्या जवळची ठेवू नका, आणि जागा म्हणून अंथरूण तर नकोच.

आणि एखादी गोष्ट आतून फारच सलत असेल तर? ती चार दिवस रोज पंधरा-वीस मिनिटं, शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहून काढा. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 पासून हा प्रकार अभ्यासला आहे. लिहून झाल्यावर थोडा वेळ उदास वाटतं, ते अपेक्षितच असतं. ताजा घाव असेल, लिहायला बसलं की सगळं अंगावर येत असेल, तर मात्र हट्ट करू नका. कागद फाडून टाकला तरी चालतो. कुणाच्या हाती पडेल या धास्तीने लिहिलं की माणूस खोटं लिहितो.

सहावी पायरी: आगीत तेल नको

चहा-कॉफीतलं कॅफीन पोटात गेल्यावर साधारण पाच तासांनीही त्याचा निम्मा भाग शरीरात असतो. काहींत त्याहून जास्त वेळ. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकराला अर्धा शिल्लक, असा हिशोब. धडधड आणि हातांची थरथर ही कधी कधी चिंता नसून तिसरा कप असते. दोन आठवडे दुपारनंतर बंद करून बघा. एकदम तोडलं तर डोकं दुखतं, म्हणून हळूहळू.

सिगारेटने डोकं शांत होतं असं ओढणारे सांगतात. खरं तर आधीच्या सिगारेटमुळे लागलेली तलफ तेवढी शमते, आणि तासाभराने पुन्हा तेच. दारूने झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते.

फोन उशापासून दूर ठेवा. इथे मी जास्त उपदेश करणार नाही, कारण हे मलाही आठवड्यातून चारच दिवस जमतं.

सातवी पायरी: कुणाशी तरी बोला, पण आधी एक सांगून

मन मोकळं करायला गेलं की समोरचा तिसऱ्या वाक्याला उपाय सुचवू लागतो. मग आपण त्याचे उपाय का चालणार नाहीत हे समजावत बसतो, आणि येताना होतं त्याहून जास्त ओझं घेऊन परततो. म्हणून बोलण्याआधीच सांगून टाका: “मला सल्ला नकोय, दहा मिनिटं फक्त ऐक.” माणसं ऐकतात. त्यांनाही सुटल्यासारखं वाटतं. त्याच त्या तक्रारीचं दळण रोज तासभर दळण्याने मात्र ताण उतरत नाही, वाढतो. दोघांचाही.

हे सगळं बसवायचं कसं

एकदम सगळं सुरू करू नका. मी एका सोमवारी पहाटे पाचला उठणं, ध्यान, धावणं, डायरी आणि कॉफी बंद असं सगळं एकत्र सुरू केलं होतं. गुरुवारी संपलं. वर ‘आपल्याला एवढंही जमत नाही’ याचा नवा ताण.

दोन आठवडे एकच गोष्ट घ्या आणि ती रोज होणाऱ्याच एखाद्या कृतीच्या शेपटाला बांधा. फोन खाली ठेवला की एक हुश्श. खुर्चीतून उठलं की खांदे उचलून सोडायचे. दिवा मालवण्याआधी यादी. गजर लावून श्वास घ्यायची गरज पडू नये. एखादा दिवस चुकला तर चुकला. लागोपाठ दुसरा चुकू नये एवढं बघा. आणि सराव बऱ्या दिवसांत करा. पोहणं बुडताना शिकता येत नाही.

हुश्श करून कर्ज फिटत नाही, हेही तितकंच खरं. कामच दोन माणसांचं असेल, घरात रोज अपमान होत असेल, तर तिथला ताण हा आजार नाही, तो धूर आहे. श्वासाने डोकं इतकं थंड होईल की वरिष्ठांशी काय बोलायचं, कुणाची मदत मागायची, हे सुचेल. पुढचं पाऊल मात्र टाकावंच लागेल.

डॉक्टरांकडे कधी जायचं

छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, दम लागून घाम फुटत असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून श्वास मोजत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, रोजची कामं होईनाशी झाली असतील, तरी डॉक्टरांना भेटा. आणि जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. आजच, आत्ता, जवळच्या माणसाला सांगा आणि त्याच्यासोबत डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

जाताना पहिल्या आठवड्यातल्या त्या एकेक ओळीच्या नोंदी बरोबर न्या. “कधीपासून होतंय?” या प्रश्नावर आपण सगळेच छताकडे बघतो. ‘मान. साडेअकरा. फोननंतर.’ असं लिहिलेलं असलं की डॉक्टरांना दुसरा प्रश्न लवकर विचारता येतो.